अकरा गुणांचं इंजिन

"याचा चेहरा जरा रडका आहे," दबीर साहेब इंजिनासमोर उभे राहून म्हणाले, आणि त्यांनी 'सौंदर्य' या रकान्यात पाचपैकी दोन गुण लिहिले.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शेषराव गावंडेने घसा खाकरला. शेषराव हा त्या इंजिनाचा फिटर. ७१४ नंबरच्या त्या इंजिनाची देखभाल तो एकतीस वर्षं करत होता. आम्ही सगळे इंजिनाला 'ते' म्हणायचो, शेषराव 'ती' म्हणायचा.

"साहेब, उन्हाकडून पाहा," तो म्हणाला. "इकडून तिच्यावर सावली पडते."

साहेब उन्हाकडून गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि दोनाचे दोनच ठेवले.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या जानेवारीतली. बोरमाळी जंक्शनवरून सुटणाऱ्या आमच्या छोट्या लाइनवर डिझेल येऊन दोन वर्षं झाली होती. वाफेची दोनच इंजिनं शेडमध्ये उरली होती, ७०९ आणि ७१४. वरून आदेश आला की त्यांतलं एक वारसा म्हणून स्टेशनासमोरच्या चौथऱ्यावर ठेवायचं आणि दुसरं भंगारात द्यायचं. चौथरा आधीच बांधून झाला होता आणि त्यावर एकच मावत होतं. कोणतं ठेवायचं हे ठरवायला समिती आली. अध्यक्ष दबीर साहेब, पुण्याचे निवृत्त इंजिनिअर. सदस्य मांडवगणे बाई, नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायच्या. तिसरे सदस्य आमचे फोरमन कुरेशी साहेब, पण समिती येणार हे कळताच त्यांची कंबर धरली आणि ते रजेवर गेले. एवढा शहाणा माणूस मी रेल्वेत दुसरा पाहिला नाही. सचिव म्हणून उरलो मी, शेडचा हेडक्लार्क श्रीधर पांढरीपांडे. वय चौतीस, आणि तोवर सरकारी कागदावर एकही खोटं अक्षर न लिहिलेला. याचा मला फार गर्व होता. आता आठवलं की हसू येतं.

गुणांचा तक्ता छापील होता. वय वीस, दुर्मिळता पंधरा, विशेष घटना चाळीस, मान्यवर प्रवासी वीस, सौंदर्य पाच. मी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "साहेब, यात कामाचा रकाना दिसत नाही."

"कसलं काम?"

"म्हणजे इंजिनाने गाड्या किती ओढल्या, वाटेत किती वेळा बंद पडलं..."

"अहो पांढरीपांडे, काम काय, सगळीच इंजिनं करतात. त्यात जपण्यासारखं काय आहे?"

७१४ ची फाइल एका पानाची होती. बिघाडाच्या पुढे 'निरंक' लिहिलेलं, बस. एकतीस वर्षांत ते एकदाही वाटेत थांबलं नव्हतं. बिघाड नाही म्हणून चौकशी नाही, चौकशी नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून घटनाही नाही. चाळीसपैकी शून्य. कोणी मान्यवर यायचे तेव्हा मुख्य कार्यालयातून धुतलेलं-पुसलेलं इंजिन यायचं, त्यामुळे तिथेही शून्य. वयाचे सहा. दुर्मिळतेचे तीन, कारण तशी दोन असल्यामुळे ती दुर्मिळ नव्हती. सौंदर्याचे दोन धरून अकरा.

"किती पैकी?" शेषरावने मला हळूच विचारलं.

"शंभर."

तो नुसता चाकावर हात ठेवून उभा राहिला. अकरा गुण म्हणजे भंगार, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

७०९ च्या फायली मात्र हातगाडीवर घालून आणाव्या लागल्या. ते म्हशीला धडकलं होतं, रुळावरून उतरून कपाशीत शिरलं होतं, एकदा शिट्टी अडकल्यामुळे चार स्टेशनं बोंबलत गेलं होतं. मांडवगणे बाई एकेक फाइल उघडत आणि त्यांचा चेहरा फुलत जाई. "केवढं समृद्ध आयुष्य आहे हो याचं!" त्या म्हणाल्या.

त्या समृद्ध आयुष्याचा फिटर, दिगांबर ढोरे, शेडच्या बाकावर बसून तंबाखू मळत होता. कामचुकार म्हणून त्याची ख्याती होती. कोणतंही काम तो एकदा करायचा आणि पुन्हा वळून पाहायचा नाही. शेडमध्ये त्याला सगळे 'मुहूर्त' म्हणत. ते नाव कसं पडलं हे बाईंच्या हातातल्या सगळ्यात जाड फायलीत होतं, आणि ती त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली.

त्र्याहत्तर साली ७०९ एका वऱ्हाडाला घेऊन निघालं होतं. वाटेत, दोन्हीकडे ज्वारीची शेतं आणि गाव कुठेच नाही अशा ठिकाणी, टाकीतून पाणी येईना म्हणून ते उभं राहिलं. नवरदेवाचा बाप मोठा असामी. पायी जायला तो तयार होईना. शेवटी नवरीलाच छकड्यात बसवून रुळापाशी आणलं, पण तोवर मुहूर्त टळून गेला होता. लग्न सूर्य मावळताना शेताच्या धुऱ्यावर लागलं. टाकी उघडली तर पाण्याच्या तोंडाशी पुसायचं फडकं अडकलेलं. ढोरे महिनाभर निलंबित झाला, आणि पुढे वर्षभरात ते लग्नही मोडलं.

"टाकी मी सोता पाह्यली व्हती," ढोरे बाकावरूनच म्हणाला.

बावीस वर्षं तो भेटेल त्याला हे एकच वाक्य सांगत होता, आणि बावीस वर्षं लोक हसत होते. त्या दिवशी आम्हीही हसलो. शेषराव तेवढा हसला नाही. मला वाटलं, अकरा गुणांमुळे.

बाईंनी एकट्या लग्नाला वीस गुण दिले, बाकी सगळ्याला मिळून पाच. मान्यवर प्रवाशांच्या रकान्यात दबीर साहेब शून्य लिहिणार, तोच बाई म्हणाल्या, "नवरदेव होता ना! लग्नात नवऱ्या मुलाला नारायण मानतात, साहेब. खुद्द नारायण ज्या गाडीत बसला..." साहेबांनी थोडा विचार करून दहा लिहिले. पुढची जाळी म्हशीमुळे वाकलेली होती, तिचे सौंदर्यात चार मिळाले. "व्यक्तिमत्त्व आहे," साहेब म्हणाले. वय आणि दुर्मिळतेचे ७१४ एवढेच नऊ धरून एकूण अठ्ठेचाळीस. अंतिम बैठक शुक्रवारी ठरली आणि भंगारवाल्याची माणसं गॅसच्या नळकांड्या घेऊन सोमवारी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव माझ्या टेबलापाशी आला. टोपी काढून हातात घेतली होती.

"बाबू, शुक्रवारपर्यंत एखादा अपघात बसवता येते काय?"

"कसला अपघात?"

"हलकासा. कोणाले लागाले नको. मंग ते घटना-घटना म्हणतात, त्यात बसते का नाही?"

मी चिडायला हवं होतं. पण मी हेडक्लार्क, आधी आकडेमोड केली. "शेषराव, तुझे अकरा. ७०९ चे अठ्ठेचाळीस. पुढे जायचं तर घटनेचे अडतीस पाहिजेत. चाळीसपैकी अडतीस."

"म्हंजे हलक्यात भागत नाही," तो विचारात पडून म्हणाला.

७१४ अजून शेडमध्ये मालगाडीच्या वाघिणी ढकलायच्या कामाला असायचं, त्यामुळे त्यात वाफ होती. जेवणाच्या सुटीत यार्डात कोणी नसताना शेषरावने रुळावर मुरमाचा मोठा धोंडा ठेवला. मी तिथे कशाला गेलो? मी स्वतःला सांगत होतो की त्याला अडवायला. खरं म्हणजे घटनेला सरकारी साक्षीदार लागतो, हे माझ्या डोक्यात होतं. मी अडवलं नाही. शेषरावनेच उशीर केला, कारण अपघाताआधी तो इंजिनाच्या सांध्यासांध्यात तेल घालत बसला.

"आता तेल कशाला?" मी म्हणालो.

"अपघाताले निंघाली म्हणून काय कोरडी पाठवू?"

मग तो वर चढला आणि इंजिन सोडलं. ते धोंड्यावरून गेलं. साधा हिसकाही बसला नाही. शेषराव खाली उडी मारून धावत आला, रुळावरची पांढरी भुकटी बोटाने उचलली आणि लहान पोरासारखा ओरडला, "पाह्यलं काय बाबू! पीठ केलं, पीठ!" मग आपण इथे काय करायला आलो होतो ते त्याला आठवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

मग त्याने पाना घेतला. चाकाशेजारचा एक नट ढिला करायचा, म्हणजे पुढचं आपोआप होईल. तो इंजिनाखाली शिरला. बराच वेळ काही हालचाल नाही. मी वाकून पाहिलं तर महाशय नट आवळत होते.

"जरासा ढिलाच व्हता," तो ओशाळून म्हणाला.

बाहेर येऊन तो इंजिनाच्या पायरीवर बसला. हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाला, "बाबू, कागद हाय काय? लिहून घ्या. त्र्याहत्तरच्या त्या लग्नाले ७०९ गेलीच नव्हती. हीच गेली व्हती."

आता हे समजायला आमच्या शेडची एक रीत सांगायला हवी. कोणत्या गाडीला कोणतं इंजिन लागणार याचा तक्ता महिनाभर आधी वर जायचा. ऐनवेळी इंजिन बदललं तर तीन प्रतींत खुलासा. त्यापेक्षा सोपं काम म्हणजे नंबराच्या पाट्या बदलणं. इंजिनाला पितळेच्या चार पाट्या, प्रत्येकीला चार बोल्ट. सोळा बोल्ट काढले की ७१४ चं ७०९ व्हायचं, संध्याकाळी परत ७१४. कागद खूश, फोरमन खूश, गाडी वेळेवर.

"त्या सकाळी ७०९ गळत व्हती," शेषराव म्हणाला. "ढोरे रजेवर. बायको बाळंतीण व्हती त्याची. तवाच्या फोरमननं पाट्या बदलाले लावल्या, आन ही गेली."

"आणि फडकं?"

"माहं."

मी लिहायचा थांबलो.

"टाकी पुसली, फडकं आतच राह्यलं. संध्याकाळी पाट्या जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी ढोरे आला, त्याच्या हाती कागद देल्ला. फोरमन म्हणे, बोललास तं सगळी शेड घरी जाईन. आज बोलतो, उद्या बोलतो करत राह्यलो. मंग हिले ढाल भेटली, 'बिनबिघाड इंजिन' म्हणून. ढाल घेतल्यावर कसं बोलता येते, बाबू?"

ड्रायव्हर वारला होता, तो फोरमनही वारला होता. हे जाणणारा जिवंत माणूस एकटा शेषराव. निवृत्तीला त्याचे तीन महिने उरले होते, आणि हा कागद समितीसमोर आला की आरोपपत्र ठरलेलं. पण लग्नाचे वीस आणि नवरदेवाचे दहा गुण इकडे आले की ७१४ चे एक्केचाळीस होत होते आणि ७०९ चे अठरा.

त्याने सही केली. "शुक्रवारी समद्यांसमोर सांगा. माहं काय होईन ते होईन. ती जगली पाहिजे."

शुक्रवारी बैठकीत तो कागद माझ्या खिशात होता. दबीर साहेबांनी आकडे वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "सचिवांना काही मांडायचं आहे का?"

मी खिशात हात घातला. आणि त्या क्षणी, इतकी वर्षं कारकुनी केल्यामुळे, मला पुढचं सगळं लख्ख दिसलं. पाट्या एकदा बदलल्या होत्या तर शंभरदा बदलल्या असणार. मग म्हैस कोणत्या इंजिनाने मारली? कपाशीत कोण शिरलं? शिट्टी कोणाची अडकली? हातगाडीभर फायली पुन्हा उघडणार, चौकशी तीन वर्षं चालणार, शेषराव त्यात भरडला जाणार. भंगारवाला सोमवारी यायचा तो येणारच, आणि निर्णय झाला नाही म्हणून दोन्ही इंजिनं घेऊन जाणार.

"नाही साहेब," मी म्हणालो.

ठराव झाला. ७०९ जतन करावं, ७१४ भंगारात द्यावं. मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला.

शेषराव दाराबाहेर उभा होता. "सांगतलं?"

"नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते आठवलं की मान खाली घालावीशी वाटते. मी त्याला बाजूला ओढलं. "ऐक आधी. साहेबांनी इंजिन नाही ठेवलं, नंबर ठेवलाय. नंबर म्हणजे चार पाट्या. सोळा बोल्ट. हे तुम्हा लोकांना मी शिकवायचं का?"

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "आन चाकाच्या रॉडवर कोरेल नंबर?"

"काय आहे रॉडवर?"

"पार्ट इकडचे तिकडे झालेले. हिच्या रॉडवर ७०९ बी हाय, ७१४ बी हाय. एकावर तं ६९८ हाय. ते इंजिन आपण कोणी पाह्यलंच नाही."

"मग झालं तर. वाकडी जाळीही तिकडची इकडे लावा."

"पण ७०९ ले हात लावाचा म्हंजे ढोरेले सांगा लागीन," तो म्हणाला. "समदं?"

"सगळं."

रविवारी सकाळी ढोरे नेहमीच्या बाकावर होता. शेषराव त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं. ढोरेच्या तळहातावर तंबाखू तशीच राहिली. मग त्याने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"फडकं कोणत्या रंगाचं व्हतं?" त्याने विचारलं.

"निळं," शेषराव म्हणाला.

"माह्यापाशी निळं फडकं नव्हतंच. मी तवाच सांगतलं व्हतं. कोणी लिहून घेतलं नाही." त्याने तंबाखू झटकून टाकली. "टाकी मी पाह्यली व्हती. रजेवर जायच्या आधी दोनदा पाह्यली व्हती. मंग मले वाटे, आपले डोयेच खोटे असतीन. त्या दिवसापासून मी कोणतीच गोष्ट दुसऱ्यांदा पाह्यली नाही, शेषराव. पाह्यलेल्या टाकीत फडकं निंघते, तं पाहून फायदा काय?"

शेषराव उभाच होता. मी दुसरीकडे पाहत होतो. या माणसाला मी बारा वर्षं कामचुकार म्हणत आलो होतो.

"तुह्या पोरीचं लगन केव्हा हाय?" ढोरेने एकदम विचारलं.

"बावीस फेब्रुवारीले."

"पत्रिका वाटून झाल्या?"

झाल्या होत्या. माझ्या घरी हळदीकुंकू लावलेली पत्रिका येऊन आठ दिवस झाले होते. शेडमध्ये झाडूवाल्यापासून कुरेशी साहेबांपर्यंत सगळ्यांना गेली होती. ढोरेला नव्हती. बोरमाळीच्या रेल्वे कॉलनीत बावीस वर्षांत कोणीच त्याला लग्नाला बोलावत नसे. तो मांडवात आला की मुहूर्त टळतो, ही पक्की समजूत. त्याच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्याला म्हणे सकाळपासून शेजारच्या गावी दही आणायला पाठवलं होतं. माझ्या बहिणीच्या लग्नात मीही त्याला टाळलं होतं. पण आम्हा सगळ्यांना निदान माहीत नव्हतं. ढोरेचा दोष नाही, हे साऱ्या बोरमाळीत एकट्या शेषरावला ठाऊक होतं, आणि त्यानेही पत्रिका दिली नव्हती.

"काहून नाही देल्ली?"

"भेव वाटलं," शेषराव म्हणाला.

"तुले तं माहीत व्हतं."

"माहीत व्हतं. तरी भेव वाटलं."

ढोरे हसला. असं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. मग तो म्हणाला, "हे पाय. तुही इंजिन वाचवाची असन तं वाचवू. मी कोणाले सांगत नाही. हा कागद माह्यापाशी राहीन, पण तोही कोणाले दाखवत नाही. पण तुह्या पोरीच्या लग्नात अंतरपाट मी धरीन."

शेषरावची एकुलती एक पोरगी, चार ठिकाणी नकार येऊन जमलेलं लग्न. नवरदेवाकडची माणसं जुन्या वळणाची. त्यांना ढोरे कोण हे कळलं तर मांडवातून उठून जातील अशी. शेषराव इंजिनाकडे पाहत राहिला. ७१४ च्या धुराड्यावर चिमण्या बसल्या होत्या. मग त्याने ढोरेकडे पाहिलं.

"धर," तो म्हणाला.

"मंग पाना दे इकडं," ढोरे म्हणाला.

दोघांनी मिळून काम केलं. पाट्या काढल्या, बदलल्या, जाळ्या बदलल्या. मी मदत म्हणून बोल्ट धरून उभा होतो आणि कपड्यांना तेल लावून घेत होतो. सगळं झाल्यावर ढोरे खाली उतरला, हात पुसले, आणि पुन्हा वर चढून त्याने सोळाच्या सोळा बोल्ट तपासले. शेषराव ते पाहत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

सोमवारी भंगारवाल्याने ७१४ ची पाटी असलेलं इंजिन कापलं. रजिस्टरात मी लिहिलं, '७१४. सेवा समाप्त. बिघाड निरंक.' सरकारी कागदावरचं माझं पहिलं खोटं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

फेब्रुवारीच्या मध्याला चौथऱ्यावर इंजिन चढलं. दबीर साहेब मुद्दाम पुण्याहून आले. इंजिनासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाहा, पांढरीपांडे. याचा चेहराच किती बोलका आहे! दोन इंजिनांतला फरक नजरेला लगेच कळतो." बाईंनी वऱ्हाडाची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. एवढं खोडकर इंजिन सांभाळल्याबद्दल ढोरेला शाल आणि श्रीफळ मिळालं. शेषराव तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

आणि बावीस तारखेला लग्न. मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा. मांडव कॉलनीच्या मैदानात. ढोरे धुतलेलं धोतर नेसून आणि तीच शाल पांघरून आला तेव्हा आमच्या बाजूच्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ती पाच मिनिटांत पलीकडे पोचली. नवरदेवाचा बाप उठून शेषरावकडे आला.

"मुहूर्त ढोरे म्हणतात तो हाच काय?"

"हाच," शेषराव म्हणाला.

"आन अंतरपाट हा धरणार?"

"हाच धरीन. माह्या घरचा माणूस हाय." शेषरावचा आवाज सरळ होता. "त्याचा काही दोष नव्हता. दोष कोणाचा व्हता ते मले माहीत हाय, आन तुमाले पाहिजे असन तं आत्ता, या मांडवात सांगतो."

नवरदेवाच्या बापाने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "नंतर सांगा," तो म्हणाला. "वेळ होऊ राह्यला."

अंतरपाट धरला. एक टोक नवरदेवाच्या मामाच्या हातात, दुसरं ढोरेच्या. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. सगळं वेळेत होत होतं. आणि मग नवरदेवाची आत्या पुढे आली. तिने स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि त्यात दोन्ही घरच्या तीन पिढ्यांची नावं गुंफली होती. तिला कोण थांबवणार? ती गात होती, आणि मांडवातले लोक मात्र आत्याकडे नाही, ढोरेकडे पाहत होते. ढोरेच्या कपाळावर घाम जमला होता. हात खांद्याच्या वर ताठ होते आणि अंतरपाटाला सुरकुतीही नव्हती.

एकदाचं संपलं. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, अक्षता उडाल्या, बँड वाजला. मामाने आपलं टोक सोडलं. ढोरेने सोडलं नाही. अर्धा अंतरपाट लोंबत होता, अर्धा त्याच्या हातात. नवरा-नवरी हार घेऊन तशीच उभी. बँड थांबला.

ढोरे माझ्याकडे पाहत होता.

"बाबू," त्याने विचारलं, "किती वाजले?"

मी मनगट वर केलं. बारा एकतीस झाले होते.

शेषराव माझ्या शेजारीच होता. त्यानेही ते घड्याळ पाहिलं.

"बारा सत्तावीस," मी मोठ्याने म्हणालो. "राइट टाइम."

"राइट टाइम, दिगांबर," शेषराव म्हणाला.

तेव्हा कुठे ढोरेने हात सोडला.